आहे तसाच द्या

कात्रीच्या फोनचा पडदा उजळला की त्यावर एक हिरवा डोंगर दिसायचा. हा डोंगर कुठला, तिला ठाऊक नव्हतं. फोनबरोबर आला होता, म्हणून होता. फोन वाजायचाही कारखान्यातून घेऊन आलेल्या सुरात, त्यामुळे बाजारात कुठंही तो सूर निघाला की चारचौघांबरोबर कात्रीही पिशवीत हात घालायची. घड्याळ आलं तेच, कॅल्क्युलेटर आला तोच, टॉर्च, कॅमेरा, हवामान, सगळं आलं तसं. वरून म्हणून तिनं एक ॲप घातलं नव्हतं. कव्हरसुद्धा नाही. "कव्हर म्हणजे तरी काय? परक्याचा कोटच की!" असं ती म्हणायची आणि विषय तिथंच कापायची.

गल्ली तिला कात्रीताई म्हणायची. केस कापायचं दुकान आहे म्हणून हे नाव पडलं, असं ती स्वतः सांगे. त्या दुकानात एकदा खुर्चीत बसून गेलेल्या कुणालाही विचारा, खरं कारण कळेल. जीभ अशी चालायची की हातातली कात्री बिचारी मागं पडायची.

तिची धाकटी बहीण म्हणजे अगदी दुसरं टोक. धाकटीच्या फोनवर इतकी ॲपं होती की हवं ते शोधायला आणखी एक ॲप लागायचं. टॉर्चचं वेगळं, कॅल्क्युलेटरचं वेगळं, बॅटरी वाचवणारं एक, आणि ते वाचवणारं किती बॅटरी खातं हे दाखवणारं आणखी एक. हवामानाचं असं होतं की ते आधी बुटांची जाहिरात दाखवायचं, मग 'आम्हाला किती तारे द्याल' विचारायचं आणि मग सांगायचं की पाऊस येणार आहे. तोवर धाकटी भिजलेली असायची. एकदा तिच्या कॅल्क्युलेटरनं ती आत्ता कुठं आहे हे बघायची परवानगी मागितली, तेव्हा कात्री खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून हसत खाली बसली होती.

"अगं, बेरीज करायला त्याला आपला पत्ता कशाला? जेवायला यायचंय का त्याला?"

"ताई, वरून घेतलेली ॲपं भारी असतात. फोनमधली म्हणजे आपली कामचलाऊ."

"काम चालतंय ना? मग झालं तर! घरच्या नळाला पाणी असताना शेजाऱ्याकडं बादली घेऊन जाणारी तू!"

आता यात नुसता हट्ट होता असं नाही. कात्रीचं एकदा लग्न झालं होतं, आणि त्या लग्नात तिच्यावर रोज काहीतरी नवीन बसवलं जायचं. हसणं जरा हळू कर. चारचौघांत इतकं बोलू नको. हा रंग तुला शोभत नाही, तो घाल. माणूस वाईट नव्हता हो, फक्त त्याला तिच्या जागी दुसरीच कुणीतरी हवी होती. शेवटी एके दिवशी कात्री आपलं मूळचं हसणं आणि मूळचं बोलणं घेऊन तिथून निघून आली. तेव्हापासून आहे त्या गोष्टीत कुणी सुधारणा सुचवली की तिच्या कपाळाची शीर तडतडायची.

आणि म्हणूनच तिला बुडबुडे नावाचे गृहस्थ आवडले होते. हे तिनं कुणाकडं कबूल केलेलं नव्हतं, तेव्हा आपल्यातच राहू द्या.

बुडबुड्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, कात्रीच्या दुकानापासून चार गल्ल्या सोडून. भिंतभर काचेच्या टाक्या, टाक्यांत पंपांची अखंड बुडबुड, आणि मधे हा उंच, शांत माणूस. बोलणंही पंपासारखंच. एक वाक्य, मग थोडी हवा, मग दुसरं वाक्य. दोघांची ओळख मोबाइलच्या दुकानात झाली होती. एकाच दिवशी, एकाच काउंटरवर दोघं एकच फोन विकत घेत होते. विकणारा मोठा उत्साही. "वीस ॲपं फुकट टाकून देतो," म्हणाला. त्यावर दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "नको. आहे तसाच द्या." दोघांनी वळून एकमेकांकडं पाहिलं. चहा झाला. मग दुसऱ्या दिवशीही झाला. मग गोगलगाईंना काय खायला घालतात, हे कात्रीला पाठ झालं.

या सगळ्या काळात त्या माणसानं तिला एकदाही 'तुम्ही असं का नाही करत' असं म्हटलं नाही. ती मोठ्यानं हसली की टाकीतले मासे दचकायचे. बुडबुडे माशांना म्हणायचे, "सवय करून घ्या."

तर काल संध्याकाळी काय झालं, ऐका. मोठ्या टाकीतली एक गोगलगाय दगडामागं दडून बसली होती. दोघांनी आपापल्या फोनची टॉर्च लावून तिला शोधलं, ती सापडली, आणि फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दोघं हात पुसत उभे राहिले.

"मला वाटतं," बुडबुडे म्हणाले आणि थांबले. पंप चालू होता. "आपण लग्न करावं." पुन्हा हवा. "तुम्हाला काय वाटतं?"

जिच्या तोंडाला लागायला अख्खा बाजार घाबरायचा, त्या कात्रीची वाचा बसली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. टाकीतल्या माशांनी तिच्याकडं आपलीच म्हणून पाहिलं असेल. शेवटी जे निघालं ते असं, "माझ्या दुकानात दूध उतू जातंय!" केस कापायच्या दुकानात दूध! काउंटरवरचा फोन उचलून ती पळत सुटली.

"समोरासमोर बोलायला अवघड जात असेल," मागून बुडबुडे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन वाक्यं सलग उच्चारली, "तर उद्या मी दुकान बंद करेपर्यंत फोनवर सांगा. फोन नाही आला तर समजेन मी, परत कधी विषय काढणार नाही!"

आणि हा माणूस नाही काढणार म्हणजे नाहीच काढणार. ते कात्रीला पक्कं ठाऊक होतं.

फोन काउंटरवर दोन होते, हे लक्षात आहे ना? कात्रीनं उचलला तो बुडबुड्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, बाईला कळलं कसं नाही? कसं कळणार? तोच डोंगर, तोच सूर, कव्हर नाही, कुलूप नाही, कारण 'लपवायचंय काय' असं दोघांचंही मत. लागणारे नंबर दोघंही डोक्यात ठेवायचे. कात्रीला जेवढे नंबर लागायचे तेवढे ती दर वेळी एकेक आकडा दाबून लावायची. साठवून ठेवलेल्या नावांना तिनं कधी हात लावला नाही. बाकी घड्याळाला कुठं कळतं आपला मालक कोण ते? टॉर्च कुणाच्याही हातात लागते. धाकटीचे फोन बदलले असते तर दोन मिनिटांत बोंब झाली असती. इथं दोन फोन कारखान्यातून निघाले तसेच होते, जुळ्या भावांसारखे, आणि चुकीच्या घरी सुखानं नांदत होते.

यात मेख अशी, की जिला त्याला फोन करायचा, तिच्या हातात त्याचाच फोन. त्याचा नंबर फिरवला की तो फोन स्वतःलाच हाका मारत बसणार. तिकडं बुडबुड्यांची तीच गत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोघांचा एकाच वेळी.

सकाळी गजर नेहमीपेक्षा बराच लवकर झाला. कात्रीला वाटलं, काल आपण भानावर नव्हतो, आपणच कसातरी लावला असेल. उठली तीच हसत. रात्री घरी डोकावलेल्या धाकटीला तिनं बुडबुड्यांनी काय विचारलं तेवढं सांगितलं होतं, उत्तराचं काही नाही. काय उत्तर द्यायचं ते खरं तर कालच ठरलं होतं, दूध उतू जायच्या आधीच. दुकान उघडलं, आरशासमोर उभी राहिली आणि सराव केला. "हो." फारच कोरडं. "होऽऽ!" हे गाय हाकलल्यासारखं. "हो ना." यात काहीतरी लाडिक होतं, तिला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी ठरलं, नुसतं 'हो' म्हणायचं आणि लगेच फोन ठेवायचा, मग काय व्हायचं ते होवो.

नंबर लावला.

टूं टूं टूं. बिझी.

"बोलत असतील कुणाशी," ती आरशाला म्हणाली. एक डोकं कापलं आणि पुन्हा लावला. बिझी. दोन डोकी कापली, बिझी. ज्या माणसाला एका वाक्यानंतर श्वास घ्यावा लागतो, तो सकाळपासून कुणाशी बोलतोय एवढं?

आणि मग तिच्या हातातला फोन वाजला. कात्रीनं लगेच उचलला. "हो!" ती म्हणाली. सराव केलेला होता, निघून गेला.

"हो काय?" पलीकडून एक अनोळखी गृहस्थ म्हणाले. "अहो, काल तुमच्याकडून नेलेली दोघं भांडतायत. काळ्यानं पिवळ्याचं शेपूट खाल्लं!"

"राँग नंबर," म्हणून कात्रीनं ठेवून दिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. आता एक बाई होत्या. पाणी हिरवं झालंय म्हणाल्या, काय घालू?

"अहो, हा केस कापायच्या दुकानाचा फोन आहे."

"असं कसं? बुडबुड्यांच्या दुकानाच्या पाटीवर हाच नंबर आहे. मी आत्ता पाटीसमोरच उभी राहून लावलाय. ते आत काहीतरी फोनवर खटपट करतायत, म्हटलं त्रास नको द्यायला."

पाटीवर! कात्री हळूच खुर्चीवर टेकली. आता तिच्या डोक्यात काय आलं असेल, तुम्हीच सांगा. फोन बदललाय हे डोक्यात यायला जागाच नव्हती; ती जागा आधीच लग्नानं अडवली होती. तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की या माणसानं रात्रीत पाटी रंगवून घेतली. आपल्या दुकानाचे फोन घ्यायला बायको मिळाली असं धरून चालला! अजून हो म्हटलेलं नाही, आणि गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात!

"बाजारात तुरी..." ती मोठ्यानं म्हणाली. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

"कोण नवरा?" खुर्चीतल्या मोठ्या बाईंनी विचारलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. केसांना रंग लावायला आल्या होत्या. गळ्याभोवती प्लास्टिकचा झगा, डोक्यावर चांदीच्या कागदाच्या घड्याच घड्या, आणि त्याखाली अर्धं गाव ज्याला घाबरून मोठं झालं तो चेहरा. कात्रीनं त्यांना सगळं सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं, पण मोठ्या बाईंनी 'कोण' विचारलं की लोक सांगतात.

"तुला त्यानं गृहीत धरलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो ना!" कात्री म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या जगात एक माणूस सापडला होता, जो तिच्यावर काही बसवू बघत नव्हता, आणि त्यानं एका रात्रीत अख्खं दुकान बसवलं. त्यापेक्षा हसणं हळू कर म्हणाला असता तर परवडलं असतं.

"मग नाही म्हणून सांग."

"सांगतेच!" कात्रीनं दणादणा आकडे दाबले.

टूं टूं टूं.

तिनं चार वेळा नकार द्यायचा प्रयत्न केला. चारही वेळा बिझी. मधे काळ्या-पिवळ्यावाले गृहस्थ पुन्हा आले. "आता काळा पिवळ्याकडं रागानं बघतोय हो," असं त्यांनी सांगितलं.

"वेगळे ठेवा त्यांना!" कात्री ओरडली. "एकत्र ठेवायची घाईच कशाला करता तुम्ही लोक!"

"बरोबर आहे तुमचं," ते दबून म्हणाले. "वेगळेच ठेवतो. आभारी आहे."

मोठ्या बाईंच्या डोक्याचा रंग कधी धुवायचा, त्यासाठी तिनं फोनमधल्या घड्याळात वेळ लावली आणि फोन आरशाखाली पालथा आपटला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. म्हणजे बुडबुडे आता मोठ्या टाकीवर कापड टाकत असतील, मग लहान टाक्या, मग दिवे, मग शटर. फोन नाही गेला तर नकारच झाला की, आपल्याला वेगळं काही करायलाच नको, असं ती स्वतःला सांगत होती. आणि दर मिनिटाला दाराबाहेर बघत होती.

तेवढ्यात दार ढकलून धाकटी आत आली. तिचा चेहरा असा, की लॉटरी लागलीय की घराला आग, हे कळेना.

"ताई! तुझा फोन पुरुषानं उचलला!"

"कुठला पुरुष? फोन हा काय माझ्याजवळ."

"अगं, मी आत्ता तुला फोन केला. उचलला गेला. मी हॅलोबिलो काही म्हटलंच नाही, नेहमीसारखी एकदम सुरू झाले, 'काय गं, त्या मासेवाल्याला हो म्हणालीस की नाही एकदाची?' तर पलीकडं नुसती शांतता. बुडबुड बुडबुड असं ऐकू येत होतं. आणि मग एक पुरुष म्हणाला..." धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "म्हणाला, 'मलाही अजून कळलेलं नाही हो. सकाळपासून वाट बघतोय. त्यांचा फोन लागत नाहीये.' ताई, काय आवाज होता गं तो. मला रडूच आलं. मी फोन ठेवला आणि धावत आले."

कात्रीनं आरशाखालचा पालथा फोन उचलून सुलटा केला.

"नंबर चुकला असेल तुझा," कात्री म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता.

"मी नंबर लावतच नाही, तुझ्या नावावर बोट ठेवते! नाव चुकेल का? 'ताई' एकच आहे माझ्याकडं!"

मोठ्या बाईंनी झग्यातून हात बाहेर काढला. "तो फोन दे इकडे," म्हणाल्या. त्यांनी फोटो उघडले. मासा. मासा. दोन मासे. गोगलगाय. दगड. मासा. आणि मग कात्री, दुकानाच्या काउंटरला टेकून, तोंड उघडून, डोळे मिटून, अगदी खदाखदा हसताना. हा फोटो कधी काढला, तिला माहीतच नव्हतं. मोठ्या बाईंनी बोट पुढं सरकवलं. मासा. पुन्हा तीच, हसताना. मासा.

"हा फोन तुझा नाही," मोठ्या बाईंनी निकाल दिला.

कात्रीनं फोन हातात घेतला, डोंगराकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणजे पाटी जुनीच. नंबर त्यांचाच. दिवसभर ती त्यांच्याच फोनवरून त्यांनाच फोन करत होती! आणि ते तिकडं, तिच्या फोनवरून तिला! नको तिथं जीभ चालते, पण अक्कल कुठं पाणी भरायला गेली होती? हसू आणि रडू एकाच दारातून बाहेर पडायला बघत होतं, आणि दोन्ही अडकलं.

"अगं, हसतेस काय, फोन कर! तुझ्याच नंबरवर कर!" धाकटी ओरडली.

"माझा नंबर काय?"

"तुला तुझा नंबर ठाऊक नाही?"

"स्वतःला कोण फोन करतं! तू सांग!"

धाकटीनं आपला फोन काढला. तो विझला होता. बॅटरी वाचवणाऱ्या ॲपनं शेवटची बॅटरी स्वतःला अद्ययावत करण्यात घालवली होती. कात्रीला बोलायला इतकं होतं की तिनं काहीच न बोलता नुसते हात जोडले. बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या.

"पळ," मोठ्या बाई म्हणाल्या. "मीपण येते. डोक्याला हे लावून ठेवून तू कुठं गायब झालीस तर मी काय करू? आणि खरं सांगू का, मला बघायचंय."

आता डोळ्यांसमोर आणा. पुढं कात्री, एप्रनच्या खिशात तीन कंगवे आणि हातात परका फोन. मागं धाकटी. तिच्यामागं मोठ्या बाई, झगा वाऱ्यावर फुगलेला, डोक्यावरचे चांदीचे कागद उन्हात लखलखतायत. चौकातल्या पोलिसानं मोठ्या बाईंना पाहिलं, ओळखलं, आणि विद्यार्थी असल्यासारखा ताठ उभा राहून सगळी वाहनं थांबवली. भाजीवाला विचारता झाला, काय झालं? "लग्न!" धाकटी ओरडली. "कुणाचं?" "ठरायचंय!" ज्यांच्या हातात फारसं काम नव्हतं असे पाचसहा जण नुसतेच मागं धावायला लागले.

बुडबुड्यांचं शटर अर्ध्यावर आलं होतं.

ते तिथंच उभे होते, एक हात शटरवर. दिवसभरात माणूस दोन इंच खचलेला दिसत होता. कात्रीला पाहून त्यांनी मान हलवली, समजुतीनं.

"फोन आला नाही," ते म्हणाले. हवा. "मी समजलो." हवा. "तुम्ही एवढं धावत सांगायला यायची गरज नव्हती. वाईट वाटून घेऊ नका."

कात्रीनं तोंड उघडलं. आणि घ्या! पुन्हा काल संध्याकाळसारखंच, घशातून फक्त हवा. इतकी माणसं, तो चेहरा, ते खचलेले खांदे, आणि तिला एक अक्षर फुटेना. तिनं बोटानं थांबा अशी खूण केली, चार पावलं मागं सरकली, आणि जे फोनवर सांगायचं ठरलं होतं ते फोनवरच सांगावं म्हणून नंबर लावला.

टूं टूं टूं.

"बिझी आहे!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुमचाही," बुडबुडे म्हणाले. "दिवसभर."

"अरे, आधी फोन बदला!" मोठ्या बाई गरजल्या. ही आज्ञा मोडायची हिंमत त्या रस्त्यावर कुणात नव्हती. धाकटीनं दोघांच्या हातांतले फोन ओढून घेतले आणि अदलाबदल करून परत दिले. बुडबुड्यांनी आपल्या फोनकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पुन्हा फोनकडं. त्यांच्या चेहऱ्यावर सगळा दिवस मागून पुढं उलगडत गेला.

"म्हणजे ती केस गळणारी बाई..." ते म्हणाले. "तिला मी पाण्यात मीठ घालायला सांगितलं."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी झटकन कानाला लावला. "हॅलो? हॅलो!"

"ते माझं डोकं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "रंग धुवायची वेळ झाली. बंद करा ते. डोकं थांबेल, आधी हे होऊ दे."

कात्री रस्त्याच्या पलीकडं गेली. अंतर असलं की जमेल असं तिला वाटलं. पाठ फिरवली, एक दीर्घ श्वास घेतला आणि एकेक आकडा दाबला. रस्त्याच्या अलीकडं बुडबुड्यांनाही तेच वाटलं, की आपणच फोन करावा, बिचारीला सोपं जाईल. त्यांनीही एकेक आकडा दाबला. दोघांनी शेवटचा आकडा दाबला तो अगदी एकाच वेळी.

टूं टूं टूं, कात्रीच्या कानात.

टूं टूं टूं, बुडबुड्यांच्या कानात.

आता मात्र कात्रीच्या आत काहीतरी सटकलं. ती गर्रकन वळली.

"हो!" ती ओरडली. "हो म्हणतेय मी! सकाळपासून हो म्हणतेय! मधे थोडा वेळ नाही म्हणत होते, ते नंतर सांगेन, पण हो! ऐकू येतंय का तुम्हाला? हो, हो, हो!"

पलीकडच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. पोलिसानं शिट्टी वाजवली, उगाचच. धाकटीनं मोठ्या बाईंना मिठी मारली आणि तिच्या गालाला रंग लागला. मागं धावत आलेल्यांनी टाळ्या पिटल्या, त्यातल्या निम्म्यांना अजूनही कळलं नव्हतं कशाबद्दल. आणि कात्री हसायला लागली, तिचं ते मूळचं, मोठ्ठं, शिवणी उसवणारं हसणं, आणि तिला वाटलं की आता काही आपल्याला हे थांबवता येणार नाही.

बुडबुडे मात्र जागचे हलले नव्हते. फोन कानालाच होता. त्यांनी तो खाली घेतला, हळूहळू काहीतरी दाबलं, पुन्हा कानाला लावला.

कात्रीचा फोन वाजला. चारचौघांनी आपापले खिसे चाचपले. तिनं हसत हसतच उचलला.

"सगळ्यांनी ऐकलं," तिच्या कानात बुडबुड्यांचा आवाज आला. हवा. मागं पंप चालू होते. "आता मला एकट्याला सांग."

कात्रीचं हसू थांबलं. तिनं त्या सगळ्या माणसांकडं पाठ केली, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं.